डावा हातमोजा

रेडेडोह फुटला, असं सांगत आली रजनी सिस्टर,
सीपीआरची रात्रपाळी अजून अंगावर,
आंबेवाडीत दोन म्हशी दाव्याला बांधलेल्या
आणि गोठ्याला बाहेरून कुलूप.
उद्यमनगरात त्या संध्याकाळी एकच पेट्रोल जीप जाग्यावर होती,
ती आमच्या दस्तगीर मिस्त्रींची. तीही ढकलून चालू व्हायची.

मिस्त्री म्हणाले, पाणी इंजिन बुडवतंय ते मागनं.
आधी ठिणगी चोरतंय.
वीज लई आळशी रं. प्लगापर्यंत जायाचा तिला कंटाळा.
वायर ओली दिसली की तिथनंच बॉडीवर उतरती,
आन् चार सिलिंडर बसत्यात
एकमेकांच्या तोंडाकडं बघत.

मी चौदा वर्षांचा. माझं काम बॅटरी धरायचं.
डिस्ट्रिब्युटरची टोपी त्यांनी उतरवली
झोपलेल्या बाळाची कुंची काढावी तशी,
आत फुंकर मारली, धोतराच्या फडक्यानं पुसली,
नखानं गोल चाचपली.
केसाएवढी चीर असली तरी
आज रात्री ती नदीच.

कडेनं ग्रीस. जाळीपुढं ताडपत्री.
कॉईल सोडवून उंच बांधली सायकलच्या ट्यूबनं.
फॅनचा पट्टा काढून माझ्या गळ्यात घातला:
"ह्यो फिरला की पाणी उडवून आपल्याच इंजिनावर मारतोय.
असतोय असा एक घरात."
सिस्टर हसली नाही. घड्याळ बघत होती.

मग तिच्यापुढं हात पसरला.
पिशवीतून निघाली रबरी हातमोज्यांची एक जोडी.
डावा घेतला. बोटांची टोकं कात्रीनं उडवली.
करंगळीतून एक नंबरची वायर,
शेजारच्या बोटातून तीन,
मधल्यातून चार, तर्जनीतून दोन,
अंगठ्यातून कॉईलची जाडी.
मनगट टोपीवर ओढलं, सुतळीनं आवळलं.
बॉनेटखाली एक पांढरा हात,
कुणाची तरी नाडी बघत बसल्यासारखा.

शिवाजी पूल ओलांडला. पुढं रस्ता नव्हता,
रस्त्याच्या दोन्ही बाजूंची झाडं तेवढी होती.
पहिला गिअर. पाय एकसारखा.
"थांबलो तर ऱ्हायलो," मिस्त्री म्हणाले, आणि नंतर काहीच नाही.
पाणी आमच्यापुढं घडी पडत सरकत होतं,
हेडलाइट पाण्याखालून पिवळे,
उसाची पानं बॉनेटवर चढून परत उतरत होती.
वडणगे फाट्याच्या अलीकडं इंजिन एकदा खोकलं.
सिस्टरनं माझं मनगट धरलं,
की मी तिचं, आठवत नाही.

चढाला लागल्याबरोबर मिस्त्रींनी बॉनेट उघडलं
आणि पहिला तो हातमोजा सोडला.
आत टोपीवर थेंबच थेंब.
"एवढं झाकलं होतं की," मी म्हणालो.
"म्हणूनच. झाकलं की आत घाम सुटतोय.
घाम बी पाणीच.
वाळू दे जरा तिला."
आणि बिडी पेटवायला गेले, तर काडेपेटी भिजलेली.

गोठ्यात पाणी गुडघ्याला.
एका म्हशीनं दावं कधीच तोडलं होतं,
मागचं कूड मोडून ती शाळेच्या ओट्यावर रवंथ करत उभी.
दुसरीला सोडलं.
तिनं आमच्याकडं पाहिलं
भाड्याची गाडी उशिरा आल्यावर बघतात तसं.

सिस्टर तिथंच राहिली. आम्ही परतलो.
येताना तर्जनी फाटली,
दोन नंबरचा प्लग गेला, उद्यमनगरपर्यंत
तीन सिलिंडरवर लंगडत आलो,
मिस्त्री तिला सारखे शिव्या घालत आणि स्टिअरिंगवर थोपटत.

आता माझ्याकडं येणाऱ्या गाड्यांना
टोपीच नसते. स्कॅनर लावतो, तो आकडा सांगतो.
या आठवड्यात चार ओढून आणल्यात,
मालक विचारतात, कसं काय गेलं पाणी आत, सगळं तर बंद होतं.
मी काही बोलत नाही.

उजवा हातमोजा माझ्याच खिशात राहिला होता.
परवा ड्रॉवरच्या तळाशी सापडला, जुन्या पॉइंटांखाली.
रबर चिकटून गेलंय.
बोटं वेगळी होत नाहीत.